होडी ओढायची मजुरी

२४ ऑगस्ट १९५३, सोमवार
पुनवेचं उधाण आलं नि गेलं. वसईच्या पाचूबंदरच्या सगळ्या होड्या पाण्यात – माझी एकटी वाळूत! कोणी हात लावला नाही. भरती तिच्या नाकाशी फेस टाकून परतली. आता पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस थांबा.
शेजारच्या आग्नेलला म्हटलं, "अरे, माझी राहिली ना!"
म्हणाला, "डॉमनिकबाबा, वसई रोडला हमाल मिळतात. तुमाला परवडतील."


२५ ऑगस्ट
चूक माझी. लिहूनच टाकतो.
ही होडी मासळीची नाही, मालाची नाही. चाळीस वर्षं तांडेल म्हणून, गलबताचं सुकाणू धरून, लोकांची कौलं नि मीठ मुंबईला वाहिलं. म्हातारपणी वारा नेईल तिकडे जायचं म्हणून ही घेतली. अर्नाळा, दातिवरे, एकदा पार दमण! पण चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. तळाला माशाचं तेल नि चंद्रुसाची राळ, काथ्याचे दोर, शीड, सुतार, पावसाळ्यात वर माडाच्या झापांचं छप्पर – खाते सगळं, कमावत काही नाही.
म्हणून मे महिन्यात ती वर ओढली तेव्हा अक्कल चालवली. ओढणाऱ्या वीस जणांना भात-कालवण नि माडी द्यायची रीत. तीस रुपये जातात. मी प्रत्येकाच्या तळहातावर आठ आणे ठेवले. वीस वाचले! केवढा खूष झालो होतो.
क्लेमेंटीन तेव्हाच म्हणाली, "अवो, शेजाऱ्याच्या हाताला मोल लावलं तुमी? आज ते ओढतात, उद्या तुमी ओढायचं. त्यात पैसा कुठनं आला?"
बायकोचं ऐकलं तर मी कसला तांडेल!

३ सप्टेंबर
ऊन, ऊन. ओली पोती घालतो, पाणी मारतो – दुपारपर्यंत सगळं कोरडं ठाक. फळ्यांच्या फटीत नख जातं.
सुतार बघून गेला. "या महिन्यात पान्यात गेली नाय तर फटींतला सगळा कापूस नव्यानं भरायला लागंल. साठ रुपये धरा."
साठ कुठून आणू? मग विकायचीच. तीही जळणाच्या भावानं.
दिवसातून सहादा किनाऱ्यावर जातो. बसवत नाही, उभं राहवत नाही.

८ सप्टेंबर
अवसेचं उधाणही गेलं. मोतमावलीचा, मेरीमातेचा सण. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला बाकावर माझ्याशेजारी कोणी बसलं नाही.

१० सप्टेंबर
माफी मागायला आग्नेलच्या दारात गेलो. तोंडातून निघालं – "जाळी कशी आहेत?" म्हणाला, "बरी आहेत." परत आलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही!

२१ सप्टेंबर
जोसेफची होडी तळ घासायला वर घेत होते. गेलो नि दोर धरला. कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. अडुसष्टाव्या वर्षी! हाताची सालं निघाली.
पुढून आग्नेल ओरडला, "बाबा, ओढताय की लटकताय?"
सगळे हसले. महिन्याभरात पहिल्यांदा कोणी माझ्यावर हसलं. बरं वाटलं!
मी गुपचूप निघत होतो. जोसेफची बायको रेजिना आडवी आली. "बाबा, पान वाढलंय."
बसलो. ताटाकडे बघून म्हटलं, "जोसेफ, मी चुकलो रे."
"पैले जेवा," तो म्हणाला. "चुकायला आख्खी दुपार पडलीय."

२३ सप्टेंबर
पुनवेचं उधाण. न बोलावता आले. आग्नेल सगळ्यांत पुढे. होडी पाण्यात! फटींतून थोडं पाणी आत आलं, उपसलं. फळ्या फुगतील रात्रभरात.
क्लेमेंटीननं कोंबड्या कापल्या. मी वाढलं. कोण किती प्याला ते मोजलं नाही.
उद्या पहाटे अर्नाळा. पाय जमिनीवर ठरत नाहीत.

२४ सप्टेंबर
पश्चिमेचा वारा, हवा तसा.
गेलो नाही. आग्नेलची होडी वर घ्यायची होती, एक माणूस कमी पडत होता.