टिंब म्हणजे इथं

परभणी, गुरुवार, २४ फेब्रुवारी १९९४

एक टिंब आणि एक तिरपी रेघ. एवढ्यावर शैला हुशार ठरली.

सरांनी पुण्याहून आणलेल्या फ्लॉप्यांवरून कॉलेजच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी सिस्टीम चढवली मी. लिहिलेला प्रोग्राम मशिनीच्या भाषेत उतरवणारा कंपायलर बसेना, तोही मीच बसवला. आज सरांसमोर प्रोग्राम कंपाइल झाला, पण त्याचं नाव टाइप केलं की उत्तर एकच, अशी कमांड सापडत नाही. आधीच्या डॉस सिस्टीममध्ये तर नुसतं नाव पुरतं. कंपायलरच बिघडला असं मी बोलून बसले.

दिवाळीनंतर नोकरीला लागलेली ही सेलूची शैला मागून म्हणाली, "मॅडम, नावाआधी टिंब आन् तिरपी रेघ द्या की. टिंब म्हंजे इथं. हे सगळीकडं हुडकायलंय, आपण बसलाव तिथं मात्र बघंना."

दिलं. चाललं.

"शैला, तू लय हुशार निघालीस," सर म्हणाले आणि तिच्यासाठी चहा मागवला. कंपायलर कुणी बसवला, हे विचारलंसुद्धा नाही.

हिला ते टिंब सांगितलं कुणी? आणि मलाच का नाही?

सरांचंही त्या मशिनीसारखंच आहे. मी समोर बसलेली असते, आणि हे सेलूपर्यंत हुडकून येतात.