पाटीवरचा दुसरा भाऊ

प्रिय धाकट्यास,

थोरल्याचा आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? (तिकडच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने कापड बेतावं लागतं असं ऐकलं. उत्तर वहिनीला लिहिलंस तरी चालेल, मी तिच्या खांद्यावरून वाचतो.) आम्ही ठीक. काल फक्त माझी अब्रू गेली, तीही शिडीवरून.

झालं असं, दुकानाची इंग्रजी पाटी पुसट झाली म्हणून पेंटर बोलावला. त्याने जुन्या पाटीखाली नवी फळी लावून तिच्यावर ‘ब्रदर्स टेलरिंग’ची अक्षरं काढली आणि विचारलं, “मास्तर, तो वरचा शेपटीवाला ठिपका कुठं देऊ?” प्रश्न साधा होता, पण मला प्रश्न विचारणं म्हणजे सभा बोलावणं, हे तुला ठाऊक आहे. मी शिडीवर चढलो. सांगितलं, की ह्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात, हा मालकी सांगतो. ‘ब्रदर्स’मधल्या शेवटच्या ‘एस’च्या आधी दिला तर दुकान एका भावाचं, नंतर दिला तर सगळ्या भावांचं, आणि जगातली निम्मी भांडणं त्या एका अक्षराच्या अलीकडे-पलीकडेच चालू आहेत! रस्त्यावर पंधरा-वीस माणसं जमली. मग मला आवरेना. राबणाऱ्या प्रत्येक हाताचा हक्क, एकट्याने मिरवलेल्या मालकीचा धिक्कार (दोन ग्रंथांचे दाखले दिले, त्यांतला एक मी पूर्ण वाचलाय), आणि शेवटी हात उंचावून गर्जलो, “नंतर द्या! हे दुकान भावांचं आहे!” टाळ्या पडल्या. त्या ओसरल्या तशी काजं करत बसलेली तुझी वहिनी दोरा दातांनी तोडून म्हणाली, “बरं झालं. मग दुसरा भाऊ कुठंय?”

धाकट्या, वीस वर्षं सभा गाजवल्या, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तू गेलास त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो होतो, “दुकान माझं आहे, पटत नसेल तर चालता हो.” त्याला ना ग्रंथ लागले, ना शिडी. काल जुनी पाटी जवळून पाहिली. तिच्यावर ठिपका ‘एस’च्या आधीच आहे. तो मीच सांगून काढवला होता, आणि तेव्हा खाली शिडी धरून तू उभा होतास. मला फरक ठाऊक नव्हता, असं लिहिणार होतो. ठाऊक होता.

मी उतरलो आणि पेंटरला म्हटलं, ठिपक्याची जागा मोकळी ठेव.

तुझा,
थोरला

ता. क. : परवाच्या कोटाला माझ्या हातून दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. गिऱ्हाईक सोशिक आहे, पण त्याचा एक हात उजवा आहे.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी बाहेर डोकावलो, तर ठिपका ‘एस’च्या नंतर देऊनही झाला होता. पेंटर म्हणाला, “ताईंनी सांगितलं.” आता तू नाहीस तोवर पाटी खोटं बोलतेय, तेव्हा रविवारी ये. गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो, माफीही गिऱ्हाइकांसमोरच मागेन. एका वाक्यात. (वाक्य तुझ्या वहिनीने बेतून दिलंय.)