पांढऱ्या पास्त्याचा प्रसार

३ एप्रिल, सकाळ
चॅनेलच्या प्रियदर्शनी मॅडमचा फोन. 'लालाशेफचं किचन' बंद करायचं चाललंय. म्हणे, तुमचं बघून तसंच करणारं एक तरी घर दाखवा, मग बघू. एक? अख्ख्या सांगली जिल्ह्याचं स्वयंपाकघर बदललंय मी! माझा कार्यक्रम लागला की बायका हातातलं काम टाकतात. शेजारच्या नानासोंनी स्वतः सांगितलंय.
संकल्प: यश मिळाल्यावर नम्र राहायचं.

८ एप्रिल
इस्लामपूर, मॅडम आणि कॅमेरामनसोबत. दगडाबाई, माझ्या जुन्या प्रेक्षक. व्हाइट सॉस पास्ता केला होता. लालभडक! वर तर्री. हे काय, म्हटलं. तर म्हणाल्या, आवं, तुमी सांगितलं तसंच केलंय की, फकस्त आमची कांदा-लसूण चटणी टाकली, न्हाईतर तोंडाला चव कशी येनार? वर्षाची चटणी कालच डंकावर कुटून आणलेली. कॅमेरामननं दोनदा वाढून घेतला. मॅडमनी यादीतलं पहिलं घर खोडलं.
एक घर म्हणजे जिल्हा नव्हे.

९ एप्रिल
जत. पनीर मखनी. लाल. तर्री. घरच्यांचं मन मोडू नये म्हणून दोन भाकरी खाल्ल्या.

१० एप्रिल
मॅडम म्हणाल्या, उद्या शेवटचं घर. सुचलंच! माझंच घर. बायकोनं, म्हणजे राजेश्वरीनं, आजवर माझा एकही पदार्थ केलेला नाही, पण तिला वेळ कुठं मिळतो? तिला बजावलं, चटणीची बरणी माळ्यावर टाक. ती म्हणाली, तुमचं काम टिकनार असंल तर मीठसुदीक तुमच्या मापानं घालते, पर तुमच्याच घशाखाली उतरायचं न्हाई. लय हसलो.

११ एप्रिल, दुपार
पास्ता पांढराशुभ्र. अगदी माझ्या मापानं. डोळे भरून आले. मॅडमनी एक घास घेतला, छान म्हणाल्या आणि चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, सर, तुम्ही घ्या ना.
स्टुडिओत मी नुसतं 'अहाहा' करतो, घास तोंडाशी गेला की कट. आज कुणी कट म्हणेना. खाल्ला. गिळला. आणि कॅमेरा चालू असताना माझ्याच तोंडून गेलं, जरा चटणी आण गं. ती म्हणाली, तुमीच वर टाकायला लावली न्हवं? स्टूल घेऊन मीच चढलो, बरणीत हात घातला.
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? पास्ता मात्र संपला.

२ मे
कार्यक्रम बंद. मीच सोडला, असं नानासोंना सांगितलंय. पण चॅनेल मला विसरलेलं नाही! माझ्याच वेळेला आता घरगुती चटणीची जाहिरात लागते, त्यात आमच्या घरचंच शूटिंग घेतलंय. आज सहकुटुंब बघितली. बरणीत जातो तो हात माझा. राजेश्वरीनं अंगठीवरून ओळखला.
बाकीचा मी त्यात नाही.