दुर्गव्वांची वेळ

हुबळी,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
हर्षाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. वेदश्रीचा खोकला गेला. तू पाठवलेली शेंगाचटणी आईने चार दिवसांत संपवली आणि वर म्हणाली, स्मृतीच्या हातचं मीठ यंदा कमी पडलं. संजीव भावजींना नमस्कार सांग. त्यांचं कोर्ट, पक्षकार आणि पाठदुखी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो.

हुबळीहून रायापूर ते केवढं लांब, आणि हा बाबा पत्र लिहितोय, म्हणून हसशील. फोन तीनदा केला होता. तिन्ही वेळा तू मध्येच "असू दे रे, जेवलास का?" म्हणालीस, मी जेवलो म्हणालो आणि फोन ठेवला. कागदावर मला कुणी जेवलास का विचारणार नाही.

मागच्या रविवारी तुझ्याकडे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा ओट्यावर तुझी वही उघडी होती. न विचारता वाचली. 'गॅस बंद केला – हो. मागच्या दाराला कडी – हो. ह्यांची गोळी दिली – हो.' पानंच्या पानं तशी. बाहेर आलो तर भावजी म्हणाले, पुढच्या आठवड्यात गुरुवारी हिला डॉक्टरांकडे नेतोय, विसरण्यावर गोळ्या सुरू करतील बहुतेक. तू म्हणालीस, "पंचेचाळिशीतच म्हातारी झाले बघ." सगळे हसले. मीही हसलो.

अक्का, तू काहीच विसरली नव्हतीस. मार्चमधली ती चूक माझी होती, आणि हे मला आठ महिने माहीत आहे.

आता नीट सांगतो. डायलिसिस केंद्राचं ते ॲप करायचं काम मला मिळालं ते तुझ्यामुळे. तू काउंटरवर होतीस, "माझा भाऊ करतो, चांगलं करतो" असं डॉक्टरांना तूच सांगितलंस. त्या ॲपमध्ये रुग्णांच्या वेळांची यादी एकाच सामायिक जागी असते, तिला आम्ही स्टोअर म्हणतो. तुझ्या टॅब्लेटचा पडदा, आतल्या भारती सिस्टरांच्या टॅब्लेटचा पडदा, सगळे त्या स्टोअरला जोडलेले हवेत. तिथे वेळ बदलली की सगळीकडे आपोआप बदलते. आपल्या घरी स्वयंपाकघरात एकच कॅलेंडर असायचं, दूधवाल्याचा खाडा, गॅसची तारीख, सगळं त्यावर, आणि बघायचं तर प्रत्येकाने तिथेच जाऊन बघायचं. तसंच हे.

ॲप दाखवायच्या दिवशी केंद्राचे डॉक्टर म्हणाले, "आतला पडदा सारखा हलतो, सिस्टरांना त्रास होईल." कुठेही काही बदललं की ती यादी पुन्हा नव्याने उमटायची. नीट सोडवायला दोन दिवस लागले असते. मी शहाणा. प्रोग्राममधल्या दोन ओळी काढल्या आणि स्टोअरकडून त्या पडद्याकडे येणारं जोडणंच तोडलं; त्याच्याकडून स्टोअरकडे जाणारं तसंच राहिलं. पडदा उघडताना यादी एकदा उतरवून घ्यायची, पुढे आपली ती प्रतच दाखवत बसायची. हलणं थांबलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली, आणि त्या संध्याकाळी तू मला चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घातलंस.

मग मार्चमध्ये एके दिवशी दुर्गव्वांच्या अंगावर सूज चढली म्हणून डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी दोनऐवजी सकाळी आठला घ्यायला सांगितलं. तू त्यांना फोन केलास आणि टॅब्लेटवर वेळही बदललीस. आतला पडदा मात्र दुपारपासून उघडाच होता, जुन्या प्रतीसह. भारती सिस्टरांनी दुसऱ्याच एका रुग्णापुढे 'झालं' दाबलं आणि त्यांच्या टॅब्लेटने ती सगळी जुनी यादी परत स्टोअरमध्ये लिहून टाकली. तुझ्या आठचे पुन्हा दोन झाले. त्यांचाही दोष नाही, त्यांनी बटण बरोबरच दाबलं.

दुसऱ्या दिवशी तुझी सुट्टी. दुर्गव्वांचा मुलगा सिद्राम आईला आठ वाजता दारात सोडून बेलूरला कारखान्यात गेला. यादीत दोन दिसतात म्हणून दुर्गव्वांना बाहेर बाकावर बसवलं. अकरा वाजता त्या खाली पडल्या. पुढचे चार दिवस अतिदक्षता विभागात होत्या, ते तुला मी काय सांगायचं.

तू धावत आलीस, "मी बदलली होती, शपथेवर सांगते," म्हणत राहिलीस. सगळ्यांनी तुझाच टॅब्लेट उघडला. तिथेही दोन. सिद्राम सगळ्यांदेखत ओरडला, "आगूदिल्लंदर कुर्ची बिडरी," जमत नसेल तर खुर्ची सोडा. तू दोन दिवसांनी सोडलीस.

दुर्गव्वा पडल्या त्याच संध्याकाळी तू मला विचारलंस, "हर्षा, मशीन चुकू शकतं का रे?" मी म्हणालो, "अक्का, मशीन विसरत नाही." तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी कोप्पीकर रोडच्या ऑफिसात बसून सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या आणि दहा मिनिटांत सगळं समोर आलं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला तुझ्या टॅब्लेटवरून दोनचे आठ. सहा दहाला आतल्या टॅब्लेटवरून आठचे दोन. मी काय केलं? तो पडदा परत स्टोअरला जोडला, हलणंही बंद केलं, शेजारी 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं आणि घरी आलो. आणखी दोन केंद्रांचं काम त्याच आठवड्यात ठरायचं होतं. हे कारण नाही, असं मीच मला रोज सांगतो. पण होतं तेच.

सगळ्यांत वाईट त्यानंतरचं आहे. दुर्गव्वा घरी आल्यावर तू म्हणालीस, मला त्यांच्याकडे घेऊन चल. स्कूटरवर मीच नेलं तुला. तू त्यांचे पाय धरलेस आणि कन्नडमध्ये म्हणालीस, माझ्या हातून चूक झाली. त्या म्हणाल्या, "होगलि बिडवा," जाऊ दे गं. मी दारात चपलांजवळ उभा होतो, हेल्मेट हातात घेऊन. माझ्या चुकीची माफी तू मागत होतीस. परत येताना तू मागे बसून रडलीस आणि मी तुला "रडू नको" म्हणालो. आठवलं की माझी मलाच किळस येते.

मला वाटलं होतं, नोकरी गेली तर गेली, अक्काला काय कमी आहे. तू स्वतःवरचा विश्वास घालवून बसशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आई हल्ली तुला वगळून सगळी कामं सुनेलाच, वेदश्रीला, सांगते, तेही तू मुकाट चालवून घेतेस.

त्या दोन्ही नोंदी छापून केंद्राच्या डॉक्टरांना काल स्वतः नेऊन दिल्या, माझ्या सहीच्या कबुलीसकट. त्यांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. मग म्हणाले, काम काढून घेऊ, आणि तुमच्या बहिणीला मी फोन करतो. तिथून बेलूरला गेलो. कारखान्याच्या फाटकावर सिद्रामने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अक्कांना सांगितलं?" नाही म्हणालो, तर पाठ फिरवून आत गेला. आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. पण परतीचे सगळे दोर कापल्याशिवाय मी तुझ्यापर्यंत पोचलो नसतो, मला मी ओळखतो.

नोंदींची प्रत सोबत आहे, भावजींना दाखव. येत्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंच असेल तर हा कागद घेऊन जा. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, मी फोन करून विचारणार नाही.

एकच मागतो. ती वही बंद करायच्या आधी तिच्यात आणखी एक ओळ लिही, तुझ्याच अक्षरात: 'दुर्गव्वांची वेळ बदलली – हो.'

ती नोंद पाहूनही आठ महिने गप्प राहिलेला,
हर्षा