नंदीच्या मानेचा सांधा

२७ ऑगस्ट, सोमवार

काल राखी. काल परीचा लाकडी नंदीही मोडला. माझ्याच हातून.

वंदनाचा भाऊ राजू कोंढ्याहून फटफटीनं आला. ओवाळून झालं, पुरी खाऊन झाली, सुपारी झाली, तरी उठेना. पाहुणा जेवून उठत नाही तेव्हा त्याच्या पोटात काही उरलेलं असते. शेवटी बोलला. "मावशी, वंदनाचा पाट लावावं म्हणतो. माणूस आसगावचा आहे, शाळेत चपराशी. बायको वारली त्याची. एक पोरगा आहे."

वंदना माझी सून. माझा प्रकाश मागच्या वर्षी काविळीनं गेला. ती तिथंच बसून होती, हातातलं ताट तसंच. मी म्हटलं, "पोळा जवळ आला, परीचा नंदी काढते," अन् शिडी चढले. नंदी काय पळून जात होता? पण मला तिथून उठायचं होतं.

माळ्यावरून उतरवताना सुटला. मान वेगळी, वशिंड वेगळं. एक शिंग चुलीमागं सापडलं.

परी रडली नाही. म्हणाली, "आजी, तू पडली असती तर?" वंदनाची पोट्टी, सहा वर्षांची. नाव परी, अन् नाक बारा महिने वाहते.

२८ ऑगस्ट, मंगळवार

हा नंदी माझ्या बुढ्यानं केला, प्रकाशसाठी. बुढा म्हणजे नवरा, जातीचा वाढई, सुतारकाम करणारा. शिवणीचं लाकूड, खाली चार चाकं. प्रकाशनं तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या पोळ्याला, ओढला, मग परीनं ओढला. तिचा बाप जाऊनही मागच्या पोळ्याला तिनं ओढला. बायांनी तोंडाला पदर लावला, ती पुढंच.

वंदना तुकडे घेऊन लाखनीला गेली. फर्निचरवाला म्हणाला, मशीननं दोन्ही तोंडं सपाट कापतो, मग शिकंज्यात धरून चिकटवतो. सपाट कापलं तर मान तेवढी आखूड. तो बैल राहील की डुक्कर? तुकडे परत आणले.

शिकंजा घरीही आहे, पण तो चौकोनी कामाचा. गोल मानेवर लावला की घसरतो, एकीकडं दाबतो अन् दुसरीकडं सांधा उघडतो. लाकूड तुटते ते आपल्या मनानं. तुटल्या जागेचे दात वाकडे असतात, पण दातात दात बसतात. दाब तेवढा सगळीकडून सारखा पाहिजे.

बुढ्याच्या वेळी असल्या कामाला शिकंजा मीच. तो सरस, ढोराच्या कातड्याचा गोंद, लावायचा अन् म्हणायचा, "धर." मी धरायची. नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. आमच्या संसारात गोड बोलणं कमी झालं, धरणं जास्त.

आता हात थरथरतात. वंदना म्हणाली, "मी धरते, आत्या." मी म्हटलं, रात्रभर धरशील का?

३० ऑगस्ट, गुरुवार

बुढ्याच्या पेटीत सरसाचा खडा निघाला. भिजवून पाण्यावर शिजवला. वास असा की शेजारीण विचारून गेली, कोणाचं ढोर मेलं? परी म्हणाली, "आमचंच. जोडून राहिलो."

मान बसवली. वर अंबाडीची दोरी गुंडाळली, बारीक बारीक, वळशाला वळसा लावून. मग दोरीवर पाणी मारलं. वंदना म्हणाली, "आत्या, पाणी कायले?" मी म्हटलं, "दोरी ओली झाली की आवळते. तुह्या सासऱ्याच्या बाजूला बसून जन्म गेला माझा, मले शिकवतं?"

मग धानाचं अर्धं पोतं उघडलं, नंदी उभा ठेवला, मानेभोवती धान दाबून भरलं अन् पोतं बांधलं. धान बरोबर वाकड्यातिकड्या जागेत शिरते. सगळीकडून सारखं धरते, न बोलता.

मी शहाणी. असं लिही. वंदना हसून राहिली नाही, पण लिहिलं.

(ही 'मले' म्हटलं की 'मला' लिहिते. बोलण्यातलं तेवढं राहू देते. ठीक आहे, कागदावर तरी मी शिकलेली दिसू दे. प्रकाश गेल्यावर ही बोलेचना, म्हणून तो कामाला होता त्या सायकलच्या दुकानातून मिळालेली कोरी डायरी मीच पुढं केली. म्हटलं, मी बोलते, तू लिही. तेव्हापासून मीच बोलून राहिले.)

१ सप्टेंबर, शनिवार

राजूचा फोन. वंदना वावरात होती, मीच उचलला.

आसगाववाल्याचा होकार आहे. फक्त एक अट. परी सध्या आजीकडंच राहू दे म्हणतो. त्याचा पोरगा लहान, दोघं एकदम नकोत. "मावशी, तुम्हालेही सोबत होईल," राजू म्हणाला. गूळ लावून बोलला.

माझं मन क्षणभर नाचलं. परी माझ्याजवळ! तिची वेणी मी घालीन, शाळेत मी सोडीन. वंदनाचंही भलं, माझंही भलं. मग पाहिलं तर परी आंगणात आईची चप्पल घालून फटफट चालून राहिली होती. पाय आतल्या आत सरकत होते.

हे नाचण्याचं लिहू नको.

(लिहिलं.)

मग वंदना, लिहिता लिहिता तुला आत्ताच कळलं ना सगळं? तुझ्याकडं तोंड करून सांगायला मला जमलं नसतं.

आज पुढं काही नाही. तिनं पेन खाली ठेवलं होतं. बऱ्याच वेळानं उचललं.

४ सप्टेंबर, मंगळवार

पोतं उघडलं.

वरचं धान कोरडं. हात आत घातला तर गरम लागलं. उकरलं तर मानेभोवती धान उगवलं होतं. पांढरे पांढरे कोंब, नंदीला दाढी फुटल्यासारखे. दोरी चिंब, सरस मऊ होऊन शेंबडासारखा, अन् मान सरकून खाली.

दोरीवर पाणी मारायचं ते नांगराच्या बांधणीला. बैलबंडीच्या कामाला. तिथं सरस नसते. सरसाच्या कामाला बुढा पाण्याचा थेंब जवळ येऊ देत नसे. दोन्ही मी त्याच्या बाजूला बसूनच पाहिलं, अन् दोन्हींची खिचडी केली. नांगराचं औषध नंदीला पाजलं.

वंदनानं मूठभर कोंब उचलले. माझ्याकडं पाहिलं. "आत्या, वावरात याचा रोवणा करू या का?"

वर्षभरानं ती गंमत बोलली. मी हसायला गेले अन् रडले. बुढ्याची एवढी एकच गोष्ट मला पक्की येते असं वाटत होतं. तीही विसरले. माणूस गेला की त्याचं शिकवलेलंही हळूहळू जाते का? की मीच जाऊन राहिले थोडीथोडी?

परी म्हणाली, "आजी, सांग ना, पोळ्याले होईन का?"

६ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी वंदना घरामागच्या सांदवाडीत गेली ती लवकर आली नाही. जाऊन पाहिलं.

प्रकाशची सायकल तिथं ताडपत्रीखाली आहे. तिला कोणी हात लावत नाही. ताडपत्री उडाली तर मी दगड ठेवते, तेवढंच. वंदनानं सायकल उलटी केली होती अन् टायर काढून राहिली होती.

मी बाजूच्या दगडावर बसले. 

तिनं ट्यूब बाहेर ओढली. अजून थोडी हवा होती आत. व्हॉल्व्ह सोडला तर फुस्स करून गेली. ती तशीच बसून राहिली, हवा जाईपर्यंत, अन् नंतरही. ती हवा त्यानंच भरलेली.

(हे लिहिताना पान ओलं करू नको म्हटलं. म्हणते, तुम्ही नका सांगू मग.)

कात्रीनं ट्यूबच्या लांब पट्ट्या कापल्या. रबर ओढून गुंडाळलं की आपणच धरते, पाणी लागत नाही. हे तिला प्रकाशनं सांगितलेलं, दुकानात ते तसंच करत. मला माहीत नव्हतं. म्हणजे बुढ्याचं माझ्याकडून गेलं तरी प्रकाशचं हिच्याकडं आहे.

जुना सरस खरवडून काढला. दातांच्या फटीतला निघाला नाही. लाखनीहून आणलेला पांढरा गोंद लावला. मान, वशिंड, शिंग. वंदनानं पट्टी ओढायची, मी मान धरायची. फुगीर जागी पट्टी घट्ट बसे, खोलगट जागी अधांतरी. तिथं लुगड्याच्या चिंध्यांच्या घड्या भरल्या, म्हणजे दाब आतही पोचेल.

नीट बसलं की सांध्यातून गोंद सगळीकडून सारखा बाहेर येतो, मोहरीच्या दाण्यासारखा. समोरून आला, बाजूनं आला. मागून नाही. सगळं सोडलं. मागच्या खोलगटात अजून एक घडी घातली, परत गुंडाळलं. मग आला.

मुरमुरे फोडायची रेती कढईत तापवून कोरडी केली, थंड केली, घमेल्यात नंदी ठेवून भोवती ओतली. "पाणी मारू का, आत्या?" म्हणे. आगाऊ झाली आहे.

७ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी विषय काढला. भाजी निवडता निवडता. डोळ्यात पाहून असलं बोलता येत नाही.

म्हटलं, "पाट लाव. माही ना नाही. पण पोरगी घेऊन जाय. पोरगी नको म्हणत असन तर तो माणूसही नको."

"तुम्ही मले काढून राहिले का घरातून?"

"काढाले तू का लाकडातला खिळा होय?"

"मंग एकट्या कशा राहान?"

"एकटी कायची? चार शेजारणी आहेत. भांडाले पुरतात."

ती बराच वेळ शेंगाच मोडत राहिली. मग म्हणाली, "आत्या, मले जावंसं वाटते. अन् वाटते म्हणून लाज वाटते."

मी तिचा हात धरला. लाज कायची? तेविसाव्या वर्षी विधवा झाली पोरगी. मी तिच्या जागी असते तर राजूच्या आधी फटफटीवर बसले असते. असं म्हटलं. ती हसली. खरं तर नसते बसले. पण ते तेव्हा कशाला सांगायचं? आता लिहितानाच कळलं तिला.

९ सप्टेंबर, रविवार. पोळा.

दारात पळसाच्या फांद्या लावल्या. गावचे बैल तोरणाखाली उभे राहिले. आता फार नाहीत, ट्रॅक्टर आले.

संध्याकाळी नंदी रेतीतून काढला, पट्ट्या सोडल्या. आम्ही तिघी श्वास धरून. वंदनानं मान हलवून पाहिली. हलत नाही. वशिंड पक्कं. शिंग पक्कं.

पण मान थोडी वळलेली आहे. जुना सरस दातात राहिला, त्यामुळं पूर्ण बसली नाही. नंदी समोर न पाहता खांद्यावरून मागं पाहतो. आता काही होत नाही. धरलं ते धरलं.

१० सप्टेंबर, सोमवार. तान्हा पोळा.

पहाटे मारबत काढायला, म्हणजे गावची इडापिडा हाकलायला, पोट्टे फांद्या घेऊन गावाबाहेर ओरडत गेले, "रोगराई घेऊन जाय गे मारबत." मीही दारातून ओरडले. माझ्या आवाजानं रोगराई घाबरली असेल.

दुपारी नंदी सजवला. बेगड, झूल, गळ्यात घुंगरू. देवळापुढं पोरांची रांग. परी मधोमध. एक पोट्टा ओरडला, "तुह्या नंदीले लकवा झाला का बे? मुंडी वाकडी!"

परी म्हणाली, "लकवा नाही. तो मांगं पाहून राहिला. माही आजी येऊन राहिली का म्हणून."

मी मागंच होते. पण त्यानंतर मला नीट दिसलं नाही.

परवा कोंढ्याला जायचं तिला काही सांगितलेलं नाही. मग हे कुठून बोलली?

१२ सप्टेंबर, बुधवार

सकाळीच लिहवून घेते. संध्याकाळी लिहिणारी नसेल.

राजू येऊन बसला आहे. आज दोघींना कोंढ्याला नेतो. रविवारी आसगाववाला तिथं येऊन परीला पाहील, बोलेल. मी राजूला सांगितलं, दोघींना घेतो म्हणाला तरच पुढचं बोल. तो म्हणाला, "त्यानं नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, "तर तुही फटफटी इकडचा रस्ता विसरली नाही ना?"

फटफटीवर असं बसतील: पुढं राजू, मध्ये परी, मागं वंदना. नंदी न्यायचा की नाही यावर भांडण झालं. परी जिंकली. वंदनाच्या मांडीवर ओढणीनं बांधायचा.

डायरीही तूच ने. मी ठेवून काय करू? उलटी धरून वाचीन.

परीच्या डोक्याला तेल लावून झालं. नाक पुसून झालं. परत वाहून राहिलं. अजून काय राहिलं? काही नाही राहिलं. उठ आता, तो हॉर्न वाजवून…

१६ सप्टेंबर, रविवार

फोनवरून. वंदना कोंढ्याला बसून लिहून राहिली, मी इथं छपरीत बसून सांगून राहिले. मोठी साहेबीण झाले.

म्हटलं, आधी माझं लिही. पाऊस नाही. धान निसवायला आलं. शेजारणीशी भांडले, परत बोलले. लिहिलं? वाच. वाचलं.

मग विचारलं, "आला होता का?"

"आला होता. बहिणीले घेऊन आला."

"अन्?"

"परीले पाहिलं. तिच्याशी बोलला. मंग म्हणाला, दोघींनाही घेतो."

मी म्हटलं, "मंग चांगलं झालं." एका दमात म्हटलं. "तू काय म्हणाली?"

"मी अजून काही नाही म्हटलं, आत्या. चार दिवस मागितले."

"कायले?"

म्हणाली, "मीही नंदीसारखी मांगं पाहून राहिली, आत्या." मागून परीचा आवाज येत होता, कोणाला तरी दटावून राहिली होती. मी ऐकत राहिले. किती दुरून येतो आवाज, अन् किती स्पष्ट.

मी म्हटलं, "वंदना, एक सांगू का..."

"सांगा."

"काही नाही. बॅलन्स संपून राहिला."

"फोन मी लावला आहे, आत्या."

"मले काय समजते बाई त्यातलं. मी अडाणी."

ती हसली की काय केलं कळलं नाही. म्हणाली, "काय सांगत होत्या?"

मी म्हटलं, "परीचं नाक पूस, तेच सांगत होते."  दोघींनीही फोन ठेवला नाही.