अण्णांच्या दाढीचा फोटो

बेलापूर, रविवार संध्याकाळ

राग अजून गेलेला नाही. पण पान फाडू दिलं नाही.

रोजचे फोटो मी वहीत चिकटवते आणि खाली दोन ओळी लिहिते. भाकऱ्या, धुणं, पोरांची भांडणं, काहीही. गेल्या आठवड्यात यांनी अंगणात अण्णांची दाढी केली, तोही फोटो आहे. अर्धांगवायू झाल्यापासून सासऱ्यांना स्वतःला जमत नाही. कानापर्यंत फेस, आणि बापलेक दोघंही हसताहेत.

आज भिंगारहून धाकटे दीर आले आणि वही चाळताना तिथेच थांबले.

“वहिनी, हे पान फाडा. अण्णांचा तालमीतला फोटो लावा की! ही अशी दशा कशाला दाखवायची?”

“तो भिंतीवर आहेच, भाऊजी. हे आजचे अण्णा आहेत.”

त्यांनी पानाला हात घातला तशी मी वही हिसकावलीच. सासरच्या माणसाशी असं पहिल्यांदाच वागले. मग वाटलं, खरंच शोभा करतेय का मी अण्णांची? तो कानाचा फेस तरी पुसायला हवा होता का? सरळ अण्णांपुढेच वही धरली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि जड जिभेने म्हणाले, “ऱ्हाऊ दे. हनुवटी तेवढी नीट न्हाई झाली.”

यांना हसू फुटलं. भाऊजी चहा न घेताच निघाले. जाऊ देत.

उद्या अण्णांना जेवू घालतानाचा फोटो काढणार. त्यांना विचारून, आणि मिशीला वरण लागलेलं असतानाच.