लेबलावरची जागा

शनिवार, १२ फेब्रुवारी १९९४

जाळी वर आली. तीन आठवडे समुद्रात खोल कड्यावर टांगलेली होती. अडकलेला कचरा परातीत झटकला, तर सात बुडबुडे-शंख निघाले! तांदळाच्या कणीएवढे, आणि इतके पातळ की चिमटीत धरायची भीती. एक फुटलाच. अर्सेनियो म्हणाला, "फोड, फोड! नवऱ्याचं डोकं समजून फोड!" बाकीचे सहा कापसात ठेवले.

मग लेबलं. परदेशी गिऱ्हाईक लेबलाशिवाय शंखाला हात लावत नाही – कुठे मिळाला, किती खोल, सगळं हवं. मी नेहमीसारखं लिहिलं: दीपगृहाखालचा कडा. तिथे आहे काय, दगड! आमचा कडा वाळूपट्टीच्या मागे. आमच्या बेटावर प्रत्येक घराची एक खरी जागा असते आणि एक सांगायची. शंखांच्याच धंद्यातल्या बोनिंगला कळलं तर महिन्याभरात कडा धुऊन नेईल मेला.

सोमवार, १४ फेब्रुवारी

अर्सेनियो पहाटे जाळी सोडायला गेला. एकटाच. मक्याच्या कण्यांचा भात आणि सुकट बांधून दिली. होडीची उजवी उलांडी – तोल सांभाळणारा बाजूचा दांडा – डुगडुगतेय म्हटलं, तर "परवा बघू."

मंगळवार, १५ फेब्रुवारी

काल आला नाही. इंजिन बंद पडलं असेल, नेहमीचंच आहे.

सकाळी बोनिंग आपणहून दारात. "लुसिंग वहिनी, बोटीची टाकी भरून आलोय. कुठे गेलाय तो?" सासूबाई शेजारीच मासे वाळत घालत होत्या. मी म्हटलं, "दीपगृहाखाली."

जीभच वळली तशी! आणि मनात काय, तर अर्सेनियो येईल नि मला फाडून खाईल – गावाला कडा दाखवलास म्हणून.

तिन्हीसांजेला परत आले. काही नाही.

बुधवार, १६ फेब्रुवारी

पाच बोटी. पुन्हा दीपगृहाकडेच. मी किनाऱ्यावर दिवसभर उभी. काल खोटं सांगितलं हे आज कोणत्या तोंडाने सांगू?

दिवस मावळताना राहवेना. बोनिंगकडे धावत गेले. "वाळूपट्टीमागेही बघाल का? कधीकधी तिकडेही जायचा." कधीकधी! तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आता अंधारात खडकावर चढेल बोट. पहाटे निघतो."

गुरुवार, १७ फेब्रुवारी

मिळाला. उलांडी मोडून होडी उलटलेली. जाळीच्या तरंगत्या डब्याला स्वतःचं मनगट बांधून घेतलं होतं त्याने.

दवाखान्यातला डॉक्टर बोनिंगला हळूच सांगत होता, "अंग अजून पुरतं ताठलंही नाही. पहाटेपर्यंत होता."

होता.

शनिवार, १९ फेब्रुवारी

घरात माणसं मावत नाहीत. मयताच्या जागरणाचे पत्ते, कॉफी, कुजबुज. "बायकोलासुद्धा खरी जागा सांगितली नाही, काय लबाड!" बोनिंगची बायको माझा हात धरून रडली. "तुझा काय दोष गं?" मी मान हलवली.

माझं खोटं मेलेल्याच्या माथी मारून मोकळी झाले. मी नीच आहे. निदान इथे तरी लिहून ठेवते.

सोमवार, २१ फेब्रुवारी

बोनिंगने जाळी काढून आणून दिली. अंगणात पडलीय. आतले बुडबुडे-शंख कुजून घाण सुटलीय. हात लावत नाही.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

नववा दिवस. नऊ दिवसांची प्रार्थना संपली, माणसं पांगली. सासूबाईंच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. मारतील असं वाटलं. मारायला हवं होतं.

त्या म्हणाल्या, "तो कडा त्याच्या बापाने मला लग्नाच्या वर्षीच दाखवला होता, पोरी. त्या सकाळी तू दीपगृह म्हणालीस, तेव्हा घराची जागा राखलीस म्हणून मला हायसं वाटलं."